घरच्या घरी ॲक्वापोनिक्स : मासे सोडण्याची घाई नको

कोकणातील काय किंवा देशावरील काय, जुन्या घराच्या परसात मोरीचे पाणी जेथे बाहेर पडते तेथे अळू अथवा केळ हटकून लावलेली आढळते. वापरलेले पाणी वाया जाऊ न देता त्यावर चार पाने पिकवावीत, ही गोष्ट आपल्या गृहिणींना कोणी शिकविलेली नाही. त्यामुळे माशांच्या टाकीतील पाणी भाजीच्या वाफ्यात सोडून तेच पाणी पुन्हा टाकीत घ्यावयाचे, असे ॲक्वापोनिक्स या पद्धतीचे वर्णन ऐकताच ती आपल्याकडील लोकांस चटकन पटते. मासे पाणी खराब करतात, भाजी त्या पाण्यातील खत शोषून घेते व पाणी निर्मळ होऊन परत येते. वेगळे खत नको, निंदणी नको आणि पाणीही थोडेच. इतकी सुटसुटीत योजना कोणास आवडणार नाही?

प्रस्तुत लेखकासही ती आवडली होती आणि आजही आवडते. तथापि हौसेने मांडलेल्या व तीन-चार महिन्यांतच अडगळीत गेलेल्या बऱ्याच टाक्या पाहिल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, या पद्धतीचा प्रचार ज्या क्रमाने केला जातो तो क्रमच उलटा आहे. प्रचारकांच्या सांगण्यात प्रथम मासा येतो, मग भाजी येते, आणि पाण्याचा विषय निघालाच तर शेवटी. वास्तविक प्रथम पाणी, त्यानंतर काही आठवड्यांनी मासा व त्यानंतर भाजी, असा हा व्यवहार आहे. नवशिक्याचे पैसे बुडतात आणि मुकी जनावरे मरतात ती याच उलटापालटीमुळे.

मोरीवरच्या अळवाची आणि या पद्धतीची तुलना येथपर्यंतच चालते. मोरीचे पाणी एकदा गेले की गेले. जमीन ते पोटात घेते व त्यातील बरेवाईट जिरवून टाकते. ॲक्वापोनिक्समध्ये पाणी फिरून माशाकडेच येते. त्यात काही बिघाड असेल तर तोही फिरून येतो, आणि दर फेरीस वाढत जातो.

हा बिघाड कोणता, ते थोडक्यात पाहू. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडतो; त्याची विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया माशास विषारी आहे. पाण्यातील एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, परंतु नायट्राइटदेखील माशास घातकच. नंतर दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट मासा बऱ्याच प्रमाणात सहन करतो आणि भाजीला तर ते फारच आवडते. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. आपल्या शेतातील मातीतही हेच काम अखंड चालू असते. जमिनीत ते असंख्य पिढ्यांपासून वस्तीला आहेत एवढेच. नव्या टाकीत, नव्या खडीत व नळाच्या ताज्या पाण्यात मात्र त्यांची वस्ती जवळजवळ नसते. ती वाढण्यास साधारणतः तीन ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहूनही अधिक. या काळात टाकीत मासे असतील, तर त्यांनी स्वतः टाकलेल्या विषात ते पोहत राहतात.

हे ज्ञान मला पुस्तकातून नंतर मिळाले, अनुभव अगोदर मिळाला. पहिला संच मी एका व्यापाऱ्याकडून तयार विकत घेतला. टाकी, पंप, खडी, रोपे व तीस मासे असे सर्व एकाच दिवशी घरी आले, आणि “आजच सोडा, काही होत नाही,” असे आश्वासनही मिळाले. सात दिवस खरोखरच काही झाले नाही. आठव्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागले. ते भुकेले आहेत असे समजून मी दोन मुठी खाद्य अधिक टाकले. त्या खाद्याने उरलेसुरले काम पुरे केले. नवव्या दिवशी सकाळी सत्तावीस मासे उलटे तरंगत होते. पाणी आदल्या दिवशीइतकेच स्वच्छ दिसत होते, ही गोष्ट मला त्या वेळी फार चमत्कारिक वाटली. अमोनियाला आणि नायट्राइटला रंग नसतो, हे ध्यानात ठेवावयास हवे होते.

पुढे एका खेड्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी माझ्या सांगण्यावरून टाकी मांडली. मी त्यांस सहा आठवडे मासे सोडू नका असे बजावले होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा धीर सुटला. “साहेब, पाणी काचेसारखं आहे, आता किती दिवस रिकामी टाकी बघत बसायचं?” असे ते मला विचारीत होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, “अहो, विरजण लावल्यावर दही होईपर्यंत भांडं हलवतो का आपण? थांबा की जरा.” या बाईंनी जिवाणूशास्त्राचे पुस्तक वाचलेले नव्हते, परंतु त्यांच्या एका वाक्यात माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाहून अधिक समजूत होती. तेव्हापासून मी ही गोष्ट समजावून सांगताना विरजणाचाच दाखला देतो.

विरजण लावण्याची रीत अशी. टाकी भरून पंप सुरू करावा व पाणी खडीतून अखंड फिरू द्यावे. पाणी नळाचे असल्यास प्रथम दोन दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाईल. जो क्लोरीन आपल्या पिण्याच्या पाण्यातील जंतू मारतो, तो आपणास हव्या असलेल्या जिवाणूंसही सोडीत नाही. 500 लिटर पाण्यास पहिल्या दिवशी सुमारे 20 ग्रॅम माशांचे खाद्य टाकावे व पुढे रोज चिमूटभर टाकीत जावे. मासे नसल्यामुळे ते कुजते आणि त्याचा अमोनिया होतो. हेच जिवाणूंचे अन्न. शोभेच्या माशांचे साहित्य विकणाऱ्या दुकानांतून पाणी तपासण्याचे थेंबांचे संच मिळतात. त्यांनी दर दोन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट तपासून वहीत टिपून ठेवावे. आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढते. मग तेही उतरते व नायट्रेट दिसू लागते. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली राहू लागली, म्हणजे दही लागले असे समजावे. त्याअगोदर नाही. जुन्या, चालू असलेल्या टाकीतील ओंजळभर ओली खडी मिळाल्यास ती नव्या वाफ्यात मिसळावी. काम बरेच लवकर होते. मात्र ती टाकी रोगमुक्त असल्याची खात्री करून घ्यावी.

येथे खात्यातील सहकाऱ्यांसही एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. कृषी प्रदर्शनात ॲक्वापोनिक्सचा नमुना मांडावयाचा म्हणजे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टाकीत मासे आणून सोडावयाचे व वाफ्यात दुसरीकडे वाढविलेली रोपे खोचावयाची, असा प्रघात पडत चालला आहे. पाहणारा शेतकरी हे सर्व एका दिवसात होते असे समजून घरी जातो. त्याऐवजी प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने एक लहानशी टाकी बारमाही चालू ठेवावी, तिच्याजवळ रोजच्या नोंदींची वही टांगावी आणि जो येईल त्यास त्या टाकीतील मूठभर खडी विरजण म्हणून द्यावी. संचाच्या खरेदीवर साहाय्य देण्यापेक्षा पाणी तपासण्याचा संच देणे अधिक उपयोगाचे होईल, असे माझे मत आहे. कोणास हे अति काटकसरीचे वाटेल; परंतु बंद पडलेल्या टाकीवर झालेला खर्च हा कोणत्याही हिशेबाने साहाय्य ठरत नाही.

आता टाकीच्या आकाराविषयी. फार लहान टाकी सोपी असेल असा समज आहे, तो बरोबर नाही. पाणी जितके थोडे तितके ते लवकर तापते, लवकर निवते व लवकर बिघडते. 500 लिटरची टाकी आणि एक चौरस मीटरचा, 30 सेंटिमीटर खोलीचा खडीचा वाफा, ही सुरुवात मला योग्य वाटते. खडी आपल्याकडील काळ्या पाषाणाची, बारीक व चांगली धुतलेली असावी. चुनखडीचा अंश आहे की काय हे पाहण्यास तिच्यावर लिंबाचा रस अथवा व्हिनेगर ओतावा. फेस आला तर ती खडी परत करावी. टाकीवर ऊन पडू देऊ नये, नाहीतर पाणी शेवाळाने हिरवे होते. पंप ताशी 500 लिटर किंवा थोडे अधिक पाणी वर उचलणारा पुरे. त्यास जोडून हवा सोडणारे एक लहान यंत्र असावे.

अशा टाकीत वीस मासे पुष्कळ झाले. या ठिकाणी नवशिक्याची दुसरी चूक घडते आणि तिची चर्चा सहसा कोणी करीत नाही. भाजीस खत मिळते ते माशांच्या संख्येवरून नव्हे, तर रोज टाकलेल्या खाद्याच्या वजनावरून. अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी अनेक वर्षे प्रयोग करून हे प्रमाण बसविले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2014 साली लहान प्रमाणावरील ॲक्वापोनिक्सविषयी जी पुस्तिका काढली, तीत पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्याचे प्रमाण दिलेले आहे. आता हिशेब करा. दहा-दहा ग्रॅम वजनाची वीस पिले म्हणजे अवघे 200 ग्रॅम मासे. ते वजनाच्या पाच टक्के खातात असे धरले तरी रोज दहाच ग्रॅम खाद्य झाले. एवढ्यावर वाफ्याचा पाचवा हिस्सा कसाबसा पोसेल. परंतु आपण उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात सबंध वाफा भरून टाकतो, रोपे पिवळी पडतात, आणि मग कोणी तरी सल्ला देतो की खाद्य वाढवा. खाद्य वाढविले की मासे ते खात नाहीत, ते कुजते, आणि पुन्हा अमोनिया. पुढे तेच मासे पावपाव किलोचे झाले, म्हणजे एकूण वजन पाच किलो होईल व ते सहज 50 ग्रॅम खातील. त्या वेळी तोच वाफा पूर्ण भरून डोलेल. तोपर्यंत कोपऱ्यात थोडा पुदिना व दोन अळवाचे कंद लावून स्वस्थ बसावे. ही दोन्ही झाडे या पाण्यावर उत्तम येतात, व उपाशीपोटीही तग धरतात. पालक, माठ, कोथिंबीर ही नंतरची. टोमॅटो व मिरची यांची भूक मोठी असल्यामुळे पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेस जाऊ नये.

मासा कोणता घ्यावा, हा प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो. परदेशी पुस्तकांतून सर्वत्र तिलापियाची, म्हणजे आपल्या चिलापीची, शिफारस असते. ती कणखर आहे यात शंका नाही. किंबहुना फाजील कणखर आहे. आफ्रिकेतील ही जात 1952 साली आपल्या देशात आणली गेली, आणि तिने इतर माशांवर कुरघोडी केल्याने 1959 सालीच तिच्या प्रसारावर बंदी घालण्याची पाळी आली. उजनी जलाशयावरील मच्छीमारांना तिच्याविषयी अधिक सांगावयास नको. सुधारित चिलापीचे संवर्धन परवाना घेऊन व ठरावीक अटींवरच करता येते. तेव्हा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारल्याशिवाय तिचे बीज घेऊ नये. आफ्रिकी मांगूर तर 2000 सालापासून प्रतिबंधित आहे. “साधा मांगूरच आहे” असे सांगून तो कोणी गळ्यात मारू पाहील, तर घेऊ नये. कटला व रोहू हे तळ्याचे मासे. 500 लिटरच्या टाकीत त्यांची वाढ खुंटते.

माझे स्पष्ट मत असे की, पहिल्या वर्षी खाण्याचा मासा पाळूच नये. कोई अथवा सोनेरी मासा घ्यावा. भाजीला खत कोणत्याही माशाचे चालते. यात आणखी एक सोय आहे. आपल्याकडे माळकरी व अन्य शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून ती या पद्धतीपासून दूर राहतात. मासा ताटात वाढण्याचे बंधन या पद्धतीत मुळीच नाही. दारच्या गाईकडे शेणखतासाठी पाहावे, तसे या माशांकडे पाहता येईल. ज्यांना मासे खावयाचे आहेत त्यांनी पाणी सांभाळण्यात हात बसल्यावर, दुसऱ्या वर्षी, सायप्रिनस घालून पाहावा.

पाण्याच्या सामूकडे लक्ष असावे. माशास, जिवाणूंस व भाजीस मिळून सात किंवा त्याच्या आसपासचा सामू मानवतो. देशावरील पुष्कळ विहिरींचे व बोअरचे पाणी जड असते व त्याचा सामू आठाच्या घरात असतो. 30 अंश तापमानास सामू सातावरून आठावर गेला, तर अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. शिवाय अशा पाण्यात लोह भाजीच्या उपयोगी पडत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. त्यासाठी चिलेटेड लोह थोडे द्यावे लागते. उलटपक्षी टाकी जुनी होत गेली की जिवाणूंच्या कामामुळे सामू हळूहळू उतरतो. तो सहाच्या जवळ आला तर जिवाणूंचे काम थंडावते. अशा वेळी कापडी पिशवीत शिंपल्यांचा चुरा बांधून पाण्यात सोडावा.

शेण, गोमूत्र वा त्यांची स्लरी या पाण्यात कदापि घालू नये. शेतात ती अमृतासमान असेल. येथे माशांचा प्राणवायू हिरावून घेईल, आणि कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर दूषित करील. कीटकनाशकाची फवारणी अर्थातच वर्ज्य, व साबणाचे पाणीदेखील. मावा हाताने पुसून काढावा.

विजेचा विचार न करता कोणीही हे काम सुरू करू नये. पंप व हवेचे यंत्र मिळून 40 वॅटची असतील, तर महिन्यास सुमारे 29 युनिट लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वीज गेल्यानंतर काय करावयाचे. दाट भरलेल्या टाकीत मासे तासाभरातही गुदमरू शकतात. आपल्या विरळ टाकीत काही तास निभते. बॅटरीवर चालणारे हवेचे लहान यंत्र जवळ असावे. तेही नसेल तर तांब्याने टाकीतीलच पाणी घेऊन हातभर उंचीवरून परत ओतत राहावे. हा उपाय हास्यास्पद दिसतो, पण मी त्याने एक रात्र निभावलेली आहे. विदर्भ व मराठवाड्यातील उन्हाळ्यात टाकी सावलीत, शक्य तर अर्धी जमिनीत पुरलेली असावी, कारण पाणी तापते तसतसा त्यातील प्राणवायू घटतो.

गच्चीवर मांडणी करणाऱ्यांनी वजनाचा हिशेब अवश्य करावा. 500 लिटर पाणी म्हणजे 500 किलो. वाफ्यातील खडी सुमारे 450 किलो. टाकी व चौकट धरून हे टनभर ओझे झाले. ते कोठे टेकवावे हे स्थापत्य जाणणाऱ्या माणसास विचारूनच ठरवावे. जुन्या चाळीच्या सज्जात तर ही हौस करूच नये.

शेवटी फायद्याविषयी. घरच्या टाकीवर महिन्याला अमुक हजार रुपये मिळतील असे जो सांगतो, त्याच्याकडे त्याचीच तीन वर्षांची वही मागावी. खाद्य विकत, वीज विकत, बीज विकत. पालेभाजी तर आपल्या बाजारात हंगामात मातीमोलाने जाते. एक किलो मासा वाढविण्यास दीड किलोच्या आसपास खाद्य लागते, ते खाद्यही कोठल्या तरी शेतातील सोयाबीनचे अथवा समुद्रातील मासळीचेच असते. पाण्याची बचत मात्र खरी आहे. बाष्पीभवन व पानांवाटे जाणारे पाणी एवढीच भर घालावी लागते, आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या गावी त्याचे मोल पैशात करता येत नाही. रोजच्या आमटीपुरती ताजी कोथिंबीर, आठवड्यातून दोनदा अळूची भाजी, आणि नत्राचे चक्र डोळ्यांसमोर फिरताना पाहणारी घरातील मुले, एवढ्यावर ज्याचे समाधान होईल त्याने ही टाकी जरूर मांडावी.

मांडणीस मृगाचा पाऊस ही उत्तम वेळ होय. त्या सुमारास पाण्याचे तापमान जिवाणूंस मानवणारे असते, आणि पागोळ्यांचे मऊ पाणी विहिरीच्या जड पाण्यात मिसळून सामू आटोक्यात आणता येतो. नुसते पावसाचे पाणी वापरू नये; त्यात सामू स्थिर धरण्याची शक्ती नसते. ज्येष्ठात खडी धुऊन पाणी फिरते केले, तर श्रावण उजाडेतो वहीतील दोन्ही आकडे खाली आलेले असतील, आणि सरकारी मत्स्यबीज केंद्रांवर त्याच दिवसांत बोटभर लांबीची पिले मिळू लागतात. ती पिशवी घरी आणल्यावरही लगेच सोडू नये. अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे, आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये.